स्वरभेद : एका अविश्वासाचा इतिहास

आपल्या जुन्या शास्त्रांत ‘स्वरभेद’ हा शब्द दोन निरनिराळ्या ठिकाणीं आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्रांत तो आठ सात्त्विक भावांपैकीं एक आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथु यांच्या पंक्तीस बसून तो भयानें, क्रोधानें किंवा हर्षानें व्याकुळ झालेल्या मनाची साक्ष देतो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत मात्र स्वरभेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे, व तेथें तो शरीराचा रोग मानून त्याचे सहा प्रकार आणि त्यांवरील उपचार सांगितले आहेत. नट आणि वैद्य यांनीं एकच शब्द वांटून घ्यावा यांत नवल नाहीं. अडलेला, घुसमटलेला आवाज कानीं पडला म्हणजे ऐकणाराच्या मनांत पहिला प्रश्न हाच उभा राहतो कीं, या माणसाच्या मनाला कांहीं झालें आहे कीं घशाला? या प्रश्नाचें उत्तर ऐकणारा कोणतें देतो, यावर बोलणाराचें पुढचें पुष्कळसें आयुष्य अवलंबून असतें. एका विशिष्ट रोगाच्या बाबतींत पाश्चात्त्य वैद्यकानें हें उत्तर सुमारें शंभर वर्षें चुकीचें दिलें. त्या शंभर वर्षांची आणि त्यानंतरची हकीकत येथें सांगावयाची आहे.

या रोगाचें वैद्यकीय नांव स्पाज्मॉडिक डिस्फोनिया. मराठींत ‘आंचक्यांचा स्वरभेद’ म्हटल्यास अर्थ बराचसा स्पष्ट होतो. बोलतांना स्वरयंत्रांतील बारीक स्नायूंना माणसाच्या इच्छेविरुद्ध आंचके येतात, आणि शब्द मध्येंच तुटतो, चिरडला जातो किंवा नुसत्या वाऱ्यासारखा निसटतो. तोतरेपणाहून हा विकार निराळा. तोतरेपणा बहुधा बालपणीं सुरू होतो, तर हा रोग बहुतेकांना प्रौढपणीं, तिशी-चाळिशीच्या पुढेंमागें गांठतो, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. ज्या माणसानें आपल्या बोलण्याकडे आयुष्यांत कधीं लक्ष दिलें नाहीं, त्याला वर्गांत हजेरी घेतांना, गिऱ्हाइकाला भाव सांगतांना किंवा टेलिफोनवर स्वतःचें नांव सांगतांना, घशांत कोणी मूठ आवळल्यासारखें वाटूं लागतें. सर्दी असेल, जागरण झालें असेल, असें म्हणून तो काढे घेतो, गुळण्या करतो. महिने जातात आणि आवाज परत येत नाहीं. गिळणें व्यवस्थित, श्वास व्यवस्थित, बुद्धि शाबूत. बिघडलेलें असतें तें फक्त बोलणें. हा रोग जीव घेत नाहीं, पण बहुधा सोडूनही जात नाहीं.

हें घडतें कसें, तें समजून घेण्यास आपल्या प्रातिशाख्यकारांचा चांगला उपयोग होतो. कंठ मिटलेला असतां नाद उत्पन्न होतो व उघडा असतां श्वास, असा सिद्धांत तैत्तिरीय प्रातिशाख्यांत सांगितला आहे. आणि वैयाकरणांनीं वर्णांचे बाह्य प्रयत्न मोजतांना या दोन क्रियांना संवार आणि विवार अशीं नांवें दिलीं आहेत. कोणत्याही उपकरणावांचून, केवळ कानानें व स्वतःच्या घशाच्या अनुभवानें केलेलें हें निरीक्षण आजही खरें ठरतें. स्वरयंत्रांत दोन स्वरतंतु असतात. सघोष वर्णांसाठीं ते जवळ येऊन श्वासाच्या झोतानें कंप पावतात, पुरुषांत सेकंदास शंभर-सव्वाशें वेळां व स्त्रियांत सुमारें दोनशें वेळां. अघोष वर्णांसाठीं ते क्षणभर दूर होतात. एक साधें वाक्य उच्चारतांना हें द्वार कितीतरी वेळां मिटतें व उघडतें, आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते.

आंचक्यांच्या स्वरभेदाचे मुख्य प्रकार दोन, आणि ते याच दोन प्रयत्नांचे विकार होत. पहिला संवाराचा. त्यांत तंतु एकमेकांवर जोरानें दाबले जातात, स्वर आणि सघोष व्यंजनें अडतात, व आवाज गळा दाबल्यासारखा बाहेर पडतो. बहुसंख्य रुग्ण या प्रकारचे असतात. दुसरा विवाराचा. त्यांत क, त, प, स यांसारख्या अघोष वर्णानंतर तंतु वेळेवर मिटत नाहींत, व पुढचा स्वर हवेंत विरून जातो. म्हणून निदान करणारे वैद्य सघोष वर्णांनीं भरलेलीं वाक्यें एकदां व अघोष वर्णांनीं भरलेलीं एकदां रुग्णाकडून म्हणवून घेतात, व कोठें अडतें तें ऐकतात. मराठी बोलणाऱ्या पहिल्या प्रकारच्या रुग्णाचें दुर्दैव असें कीं, ‘आई’ या शब्दांत दोन स्वरांवांचून दुसरें कांहींच नाहीं.

परंतु या रोगाची सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. याच रुग्णांपैकीं पुष्कळांना कुजबुजतां येतें. हसतांना, रडतांना, जांभई देतांना त्यांचा आवाज मोकळा निघतो. कित्येकांना गातांही येतें. तान्ह्या मुलाशीं किंवा घरच्या मांजराशीं बोलतांना कांहींची अडचण कमी होते. परक्या माणसाशीं, वरिष्ठाशीं, आणि सर्वांत अधिक टेलिफोनवर बोलतांना मात्र कंठ घट्ट मिटतो. आतां सकाळीं देवापुढें आरती म्हणणारी सून दुपारीं पाहुण्यांशीं चार वाक्यें बोलूं शकत नाहीं, तर घरचीं माणसें यावरून काय समजतील, हें सांगावयास नको. आपली भाषासुद्धां तिच्या विरुद्ध साक्ष देते. भीतीनें बोबडी वळते, लबाडी उघडी पडली कीं त-त-प-प होतें, दुःखानें कंठ दाटतो, धक्क्यानें वाचा बसते. ज्याचा आवाज फुटत नाहीं त्याच्या मनांत कांहीं तरी आहे, हें आपण इतक्या वाक्प्रचारांतून शिकलों आहों कीं, त्याच्या मेंदूंत कांहीं असेल हा विचार सर्वांच्या शेवटीं येतो. वैद्यांचेंही असेंच झालें.

वास्तविक आवाज आणि मेंदू यांचा संबंध फार जुन्या काळीं ठाऊक झाला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन या ग्रीक वैद्यानें रोम शहरांतील प्रतिष्ठित मंडळींसमक्ष एक प्रयोग करून दाखविला. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेंतील दोन बारीक मज्जातंतु बांधतांच त्या प्राण्याची धडपड चालू राहिली, पण आवाज थांबला. वाणीचा उगम हृदयांत नसून मेंदूंत आहे, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. हे मज्जातंतु मानेंतून खालीं उतरतात, मोठ्या रक्तवाहिनीस वळसा घालतात व पुन्हां वर स्वरयंत्राकडे चढतात. त्यांची गांठ आपल्याला पुढें पुन्हां पडणार आहे.

जिवंत माणसाचें स्वरयंत्र चालतांना पाहण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि तेंही एका गानशिक्षकामुळें. मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गुरूनें १८५४ मध्यें दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशांत धरून, त्यावर सूर्यप्रकाश पाडून, स्वतःचे स्वरतंतु पाहिले, व पुढील वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपलीं निरीक्षणें मांडलीं. टुर्क आणि चेर्माक या वैद्यांनीं थोड्याच वर्षांत तो आरसा रुग्णपरीक्षेस लावला. घशांतील गांठी, सूज, व्रण, लुळे पडलेले तंतु हीं सर्व वैद्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत आलीं, आणि कंठरोगाचें एक नवें शास्त्र उभें राहिलें.

याच आरशाच्या युगांत, १८७१ मध्यें, बर्लिनचे प्रसिद्ध वैद्य लुडविग ट्राउबे यांनीं आंचक्यांच्या स्वरभेदाचें पहिलें वर्णन केलें, व त्यास ‘नर्व्हस’ घोगरेपणाचा एक प्रकार म्हटलें. या विशेषणांत पुढच्या सगळ्या घोटाळ्याचें बीज होतें. कारण ‘नर्व्हस’ म्हणजे मज्जातंतूंचा असाही अर्थ होतो आणि मनाच्या अस्वस्थतेचा असाही. शिवाय आरशांत पाहावें तों तंतु निरोगी दिसत. याचें कारण आतां सहज कळतें. आरसा घशांत असतां रुग्णाला जीभ बाहेर धरून एखादा स्वर लांबवावा लागतो. त्याला बोलतां येत नाहीं. रोग प्रकट होतो तो बोलतांना, आणि नेमकें तेंच त्या परीक्षेंत शक्य नव्हतें. आरशाला जें दिसलें नाहीं तें शरीरांत नाहीं, असा निष्कर्ष काढला गेला. आणि शरीरांत नाहीं तें मनांत असणार, हें ओघानेंच आलें.

खरी वाट त्या वेळींही एकास दिसली होती. १८८७ मध्यें बर्नहार्ड फ्रेंकेल या जर्मन वैद्यानें, आवाजावर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा लोकांतील एका विकारास ‘मोगिफोनिया’ हें नांव देऊन, कारकुनांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांशीं त्याची तुलना केली. ही तुलना फार मार्मिक आहे. ज्या कारकुनाचीं बोटें लेखणी धरतांच आखडतात, तोच कारकून त्याच बोटांनीं सदऱ्याचीं बटणें लावतो, घांस मोडतो. हात तोच, स्नायु तेच. बिघडलेलें असतें तें एक विशिष्ट, हजारों वेळां केलेलें, कसबाचें काम. बोलणें हें असेंच कसबाचें काम आहे, आणि गाणें किंवा हसणें हें मेंदूच्या दृष्टीनें त्याहून निराळें काम आहे. हा विचार त्या वेळीं धरून ठेवला गेला असता, तर पुष्कळ माणसांचा छळ वांचला असता.

पण काळ हिस्टेरियाचा होता. १८९५ मध्यें ब्रॉयर व फ्रॉइड यांचा त्या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि वाचा जाणें हें त्या विकाराचें एक ठराविक लक्षण मानलें जाऊं लागलें. स्त्रियांत अधिक आढळणारा, तपासणींत न दिसणारा, माणूस आणि प्रसंग पाहून कमी-अधिक होणारा हा रोग त्या सांच्यांत अगदीं चपखल बसला. १९११ मध्यें हेर्मान ओपेनहाइम यांनीं स्नायूंच्या अनैच्छिक पिळवटण्यास ‘डिस्टोनिया’ हें नांव दिलें व तो शरीराचा विकार मानला. तरी पुढें कित्येक वर्षें त्या रोग्यांनाही मनोरुग्णांतच ढकलण्यांत आलें. आंचक्यांच्या स्वरभेदाच्या रुग्णांस मनोविश्लेषण, संमोहन, विश्रांति असे उपाय सांगितले जात. गुण आला नाहीं तर दोष उपायाचा नसे. रुग्णालाच बरें व्हावयाचें नाहीं, असें ठरे. ज्या युक्तिवादांत अपयशसुद्धां पुरावाच बनतें, त्यांतून सुटण्यास बोलणें हें एकच साधन माणसाजवळ असतें, आणि या रुग्णांचें तर तेंच हिरावलेलें होतें.

हें कोडें सुटूं लागलें तें १९६० नंतर. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें अर्नोल्ड अ‍ॅरन्सन व त्यांचे सहकारी यांनीं अशा रुग्णांची मानसिक व मज्जाविषयक तपासणी एकत्र केली, व १८७१ पासून चालत आलेल्या समजुतीस १९६८ मध्यें उघड आव्हान दिलें. या आवाजाचें मेंदूच्या विकारांतून उद्भवणाऱ्या कंपयुक्त आवाजाशीं साम्य आहे, हें त्यांनीं दाखविलें. १९७६ हें वर्ष तर या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं इंग्लंडांत डेव्हिड मार्सडेन यांनीं लेखकाचा पेटका, डोळ्यांच्या पापण्यांची उबळ, वळणारी मान हे सुटे दिसणारे विकार एकाच डिस्टोनियाच्या शाखा आहेत, असें प्रतिपादन केलें. आंचक्यांचा स्वरभेदही पुढें याच कुळांत दाखल झाला, व फ्रेंकेल यांची तुलना जवळजवळ शंभर वर्षांनीं खरी ठरली.

त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोचे शस्त्रवैद्य हर्बर्ट डेडो यांनीं एक धाडसी उपाय प्रसिद्ध केला. गेलननें डुकराच्या मानेंत जो मज्जातंतु बांधला होता, तोच एका बाजूचा मज्जातंतु त्यांनीं रुग्णाच्या मानेंत कापला. आधीं औषधाची सुई टोंचून तो तात्पुरता बधिर करावयाचा, आवाज सुटतो असें दिसलें तर मग कापावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. एक तंतु लुळा पडला म्हणजे दोघांची झोंबी थांबते, असा त्यामागील विचार. वर्षानुवर्षें घुसमटलेलीं माणसें शस्त्रक्रियेनंतर मोकळेपणानें बोलूं लागलीं. परंतु अ‍ॅरन्सन व डी सँटो यांनीं अशा रुग्णांचा तीन वर्षें मागोवा घेऊन १९८३ मध्यें सांगितलें कीं, सुमारें दोन-तृतीयांश रुग्णांत आवाज पुन्हां बिघडला होता. उपाय टिकला नाहीं. तरी एका गोष्टीचा निकाल त्यानें लावला. मनाच्या हट्टानें मिटलेला कंठ एक मज्जातंतु बधिर करतांच उघडतो, असें म्हणणें यापुढें कठीण होतें.

यानंतरचा उपाय एका विषांतून आला. जर्मनींतील युस्टिनुस केर्नर हा वैद्य होता आणि कविही. नासलेल्या मांसगुलम्यांनीं मरणाऱ्या लोकांचे रोग अभ्यासून त्यानें १८२० व १८२२ मध्यें त्या विषावर ग्रंथ लिहिले, आणि तें अत्यल्प प्रमाणांत दिल्यास अनावर मज्जातंतूंना शांत करील अशी कल्पनाही मांडली. १८९५ मध्यें बेल्जमच्या एका खेड्यांत अंत्यविधीच्या भोजनांतून विषबाधा झाली, व एमिल फान एरमेंगेम यांनीं तें विष निर्माण करणारा जंतु शोधून काढला. पुढें अ‍ॅलन स्कॉट या नेत्रवैद्यानें तेंच बोट्युलिनम विष तिरळेपणावर वापरून १९८० मध्यें अनुभव प्रसिद्ध केला. आणि १९८४ मध्यें न्यूयॉर्कच्या अँड्र्यू ब्लिट्झर यांनीं तें प्रथम स्वरयंत्राच्या स्नायूंत टोंचलें. १९९० मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें संवाराच्या प्रकारावर हा उपाय गुणकारी असल्याचें मान्य केलें. एका ग्रॅमाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एका भागाहूनही कमी विष मानेंतून सुईनें दिलें जातें. तें मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोंचूं देत नाहीं. पहिला आठवडा-पंधरवडा आवाज दुबळा, श्वासमिश्रित होतो, पाणी पितांना ठसका लागतो; मग साधारण तीन-चार महिने बरें बोलतां येतें; मग पुन्हां आंचके, पुन्हां सुई. क्योटोचे नोबुहिको इश्शिकी यांनीं स्वरयंत्राची कूर्चा मध्यें उघडून तंतूंना किंचित् दूर ठेवण्याची शस्त्रक्रियाही काढली आहे. कारणाचा शोध अद्याप चालू आहे. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत रुग्णांच्या मेंदूंतील, आज्ञा खालीं नेणाऱ्या तंतुमार्गांत सूक्ष्म फरक आढळले. रोगाचा मूळ ठिकाणा मेंदूंत आहे, याविषयीं मात्र आतां वाद राहिलेला नाहीं.

अशा उपचारांवर आयुष्य कसें चालतें, याचें एक उदाहरण वॉशिंग्टनच्या आकाशवाणीवरील मुलाखतकार डायॅन रीम यांचें आहे. आवाज हाच त्यांचा व्यवसाय. १९९८ मध्यें त्यांना या रोगाचें निदान झालें; कांहीं महिने कार्यक्रम सोडावा लागला. परत आल्या त्या मंद, कांपऱ्या, थांबत-थांबत बोलणाऱ्या आवाजानें, आणि तो न लपवितां २०१६ पर्यंत त्यांनीं तो कार्यक्रम चालविला. दुसरें उदाहरण इंग्लंडच्या गायिका लिंडा टॉम्सन यांचें. १९७० नंतरच्या दशकापासून या विकारानें त्यांना ग्रासलें, आणि बोलण्याबरोबर गाणेंही हातचें गेलें. त्यांनीं गीतें रचणें सोडलें नाहीं. २०२४ मध्यें निघालेल्या त्यांच्या गीतसंग्रहांत त्यांचीं गीतें दुसऱ्या गायकांनीं गायिलीं, व संग्रहाचें नांवही ‘मुखत्यारीचें संगीत’ अशा अर्थाचें ठेवलें. एकीनें तुटका आवाज लोकांना ऐकावयास लावला, दुसरीनें आपले शब्द परक्या कंठांत ठेवले. दोघींनींही गप्प बसणें पत्करलें नाहीं.

सामान्य रुग्णाजवळ ना ध्वनिक्षेपक असतो, ना श्रोतृवृंद. त्याचा झगडा लहान लहान ठिकाणीं चालतो. वाण्याच्या दुकानीं वस्तूकडे बोट दाखवून भागवावें लागतें. बसच्या वाहकाला थांब्याचें नांव सांगतांना मागची रांग खोळंबते. कचेरीच्या सभेंत सुचलेला मुद्दा दुसरा कोणी मांडीपर्यंत मनांतच राहतो. जें वाक्य बोलावयाचें तें आधीं तपासून, अडणारे शब्द टाकून, दुसरे घालून तो बोलतो, आणि ऐकणाऱ्याला तो तुसडा किंवा बावळट वाटतो. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, पहिल्या लक्षणापासून योग्य निदान होईपर्यंत रुग्णांचीं सरासरी चार वर्षांहून अधिक गेलीं होतीं. म्हणजे उपाय हातीं आल्यावरही जुनें उत्तर अजून पुष्कळ ठिकाणीं शिल्लक आहे. अधीर झाल्यानें आंचके वाढतात हें खरें. पण लंगड्याला लोकांदेखत चालतांना अधिक लंगडावें लागतें, म्हणून त्याचें हाड मोडलेलें नाहीं असें कोणी म्हणत नाहीं.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. गातां येतें, पण बोलतां येत नाहीं, ही तक्रार रुग्ण पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. वैद्यांनीं ती ऐकली, पण रोग्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून टिपून ठेवली. पुढें तेंच त्या रोगाचें सर्वांत खात्रीचें लक्षण ठरलें. माहिती पहिल्यापासून खरी होती व पुरेशीही होती. ती सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यास मात्र शंभर वर्षें लागलीं. आपल्या घरांत, शेजारांत, शाळेंत एखाद्याचा आवाज असा अडूं लागला, तर आपल्याकडून फार मोठ्या ज्ञानाची अपेक्षा नाहीं. त्याला कंठाच्या जाणत्या वैद्याकडे पाठवावें. त्याचें वाक्य त्याच्या वतीनें पुरें करूं नये. आणि तें संपेपर्यंत, थोडा वेळ लागला तरी, समोर बसून राहावें.